काढून बघता येतील असे दात

माझ्या वरच्या जबड्यात सध्या एकही दात नाही. हिरडीच्या आत चार स्क्रू पुरलेले आहेत. डॉक्टर त्यांना इम्प्लांट म्हणतात. हाडाने ते धरले की नाही, हे पावसाळा लागल्यावर कळेल. तोवर तात्पुरती कवळी घालून, पेज पीत मी आमच्या पडवीत बसून आहे. समोर आंब्याच्या पेट्या भरल्या जातायत आणि मला कोणी एकीलाही हात लावू देत नाही.

लिहायचं कारण एवढंच, की अलीकडे ओळखीची दोन-चार माणसं दातांचा विषय काढून हळूच जवळ येऊन बसली. सगळ्यांचा प्रश्न एकच. "फसवत नाहीत ना रे हे लोक?" हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे. मी जन्मभर तोच विचारत आलोय.

आमची आंब्याची बाग आहे, रत्नागिरीहून पावस गावाच्या वाटेवर. या धंद्यात माणूस संशयी होतोच. वरच्या थरात हापूस आणि खालच्या थरात भलतंच काही, हे इतक्या वेळा बघितलंय की दुसऱ्याची पेटी आली तर आम्ही ती खालून उघडतो. वडिलांनी मला तसंच शिकवलं. पुढे ती सवय आंब्यापुरती राहिली नाही. शालन, म्हणजे माझी बायको, सगळ्यांना सांगते की हे मला बघायला आले तेही मागच्या दाराने. ते खरं आहे.

पिठातला खडा

गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी घावन खात होतो. घावन म्हणजे किती मऊ, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. घास चावला आणि दाताखाली काहीतरी टणक आलं. मी ते बोटाने काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि आत ओरडलो, "पिठात खडा हाय गो! कुटनं आनलंस पीट?"

शालन बाहेर आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, खडा कसला? तुमचाच दात हाय तो."

मी जीभ फिरवली. पुढच्या दोन दातांच्या शेजारी खिंडार होतं. दुखलं नव्हतं, रक्तही नावाला. पिकलेलं फळ देठातून सुटावं तसा तो सुटला होता. त्या आधी दोन वर्षं दात हलत होते, हिरड्यातून रक्त यायचं, तोंडाला वास यायचा. मी लवंग धरत होतो आणि डॉक्टर टाळत होतो, कारण डॉक्टरकडे गेलं की ते काहीतरी काढणारच.

दातांना गेलो, साखर घेऊन आलो

रत्नागिरीत एका डॉक्टर मॅडमचा दवाखाना आहे. पस्तिशीच्या असतील. आम्ही गेलो तेव्हा बाहेर एकच पेशंट बसला होता. मी शालनला म्हटलं, "गर्दी नाय. काय तरी भानगड हाय." नंतर ठाण्याच्या एका दवाखान्यात गेलो तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा मी म्हटलं, "एवढी गर्दी? काय तरी भानगड हाय." शालनने ही दोन्ही वाक्यं लक्षात ठेवली आहेत आणि ती पाहुण्यांना ऐकवते.

मॅडमनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला आणि पडद्यावर लावला. खालच्या जबड्याचं हाड दातांना बऱ्यापैकी धरून होतं. वरचं मात्र वाळूच्या बांधासारखं ढासळलेलं. त्या म्हणाल्या, "खालचे दात स्वच्छ करून, हिरड्यांवर उपचार करून टिकवता येतील. वरचे मला वाचवता येणार नाहीत. सगळे काढावे लागतील."

'सगळे' हा शब्द कानात शिरला आणि पुढचं काही ऐकूच येईना. मी माझा धंदा करणारा, गावात चार शब्द बोलणारा माणूस. डोळ्यांसमोर आमचे आजोबा आले, तोंडाचं बोळकं झालेले. मला तिथेच रडू येईल असं वाटलं आणि ते येऊ नये म्हणून मी चिडलो. "एक्स-रे माझाच आहे ना?" असं विचारलं.

मॅडम रागावल्या नाहीत. "तुमचाच आहे. आणि साखर तपासून घ्या," म्हणाल्या. त्यांनी एक लॅब सुचवली. सुचवली म्हटल्यावर मी तिथे कशाला जातोय? दुसरीकडे गेलो. साखर भरमसाट निघाली. मग त्यांनी सुचवलेल्या लॅबमध्ये गेलो. तिथेही तेवढीच. तिसरीकडे जायच्या बेतात होतो, पण शालन म्हणाली, "आता रगात तरी शिल्लक ठेवा."

म्हणजे दात हे निमित्त होतं. साखर आतून कधीपासून हाडं पोखरत होती देव जाणे. ज्यांचे दात असे अचानक हलायला लागलेत त्यांनी पहिलं काम हे करावं, बाकी संशय नंतर घ्यावा.

ठाण्याची काच

आमचा मुलगा निलेश ठाण्याला असतो. त्याने फोनवर सगळं ऐकलं आणि दसऱ्याच्या सुट्टीत आम्हाला बोलावून घेतलं. त्याच्या घराजवळ मोठं काचेचं क्लिनिक होतं. वरच्या जबड्यात चार स्क्रू, खालच्या जबड्यात चार, आणि तिसऱ्या दिवशी पक्के दात बसवून घरी. निलेश म्हणाला, "बाबा, दिवाळीला चकली खाल तुम्ही."

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. त्याला कारण होतं. आमच्या गावात शिमग्याला ग्रामदेवाची पालखी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या दगडी चौथऱ्यावर बसते, तेव्हा देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घरचा. सगळ्या वाड्यांच्या वतीने एकाने देवाला मोठ्याने मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आजोबा, वडील आणि आता मी. त्याला खणखणीत आवाज आणि स्पष्ट शब्द लागतात. मी उभा राहू शकलो नाही तर मान जातो शेजारच्या घरी, माझा चुलतभाऊ दिगू याच्याकडे. एकदा गेलेला मान परत येताना मी बघितलेला नाही.

तर आम्ही त्या क्लिनिकात बसलो. भिंतीवर हसऱ्या तोंडांचे फोटो, आधीचे आणि नंतरचे. एक मुलगी समोर येऊन बसली. गोड बोलत होती. आजच ठरवलंत तर सवलत, असं दोनदा म्हणाली. आज आणि सवलत हे दोन शब्द जोडीने आले की माझे कान टवकारतात. मग डॉक्टर आले, तोंडात डोकावले आणि म्हणाले, "दोन्ही जबडे मोकळे करू, कायमची कटकट संपली."

मी विचारलं, "सहा-सात वर्षांपूर्वी बसवलेला एखादा माणूस दाखवाल?"

"काका, पेशंटची माहिती आम्ही देत नाही."

"बरं, माणूस नको. फोटो? बसवल्या दिवसाचा नको, सहा वर्षांनंतरचा."

डॉक्टर हसले आणि भिंतीकडे हात केला. तिथे सगळे पहिल्या दिवसाचेच होते. पेटीचा वरचा थर. साखरेबद्दल मी मुद्दाम काहीच बोललो नव्हतो, विचारतात का ते बघायला. त्यांनी विचारलं नाही. ही माझी पद्धत कोणी उचलू नये. डॉक्टरची परीक्षा घेण्यासाठी आजार लपवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, हे मला नंतर मॅडमनी नीट सुनावलं.

बाहेर आल्यावर निलेश म्हणाला, "तुम्हाला कुणावरच विश्वास नाही, बाबा. मी आणलंय ना तुम्हाला इथे?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "त्यांनी तुला काय कबूल केलंय?"

तो रस्त्यात थांबला. रात्रीचं जेवण त्याने खोलीत नेऊन केलं आणि आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत निघालो. शालन रत्नागिरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. आजारपणात दुखतं ते सगळं तोंडात नसतं.

बिघडलेली केस

मॅडमना मी ठाण्याचं सांगणार नव्हतो. शालनने सांगितलं. मला वाटलं आता या त्यांच्या नावाने खडे फोडतील. त्या म्हणाल्या, "तो प्रकार खोटा नाही. काही तोंडांत उत्तम चालतो. हाड घट्ट हवं, साखर ताब्यात हवी, झोपेत दात खायची सवय नको. तुमच्याकडे तिन्हीची बोंब आहे. म्हणून तुमच्यात मी लगेच दात चढवणार नाही. स्क्रू पुरू, चार-पाच महिने हाडाला धरू देऊ आणि मग दात."

आम्ही बागायतदार लोक नवीन कलमाला पहिली काही वर्षं फळ धरू देत नाही, मोहोर आला तर खुडून टाकतो. त्यामुळे हे मला पटलं. पण पटलं म्हणून संशय गेला असं नाही. मी तोच प्रश्न त्यांना विचारला. जुना माणूस दाखवा.

"चांगले झालेले पेशंट कोणीही दाखवेल," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे एक बिघडलेली केस आहे. त्यांना विचारते. त्या हो म्हणाल्या तर जाऊन भेटा."

मी शालनकडे बघितलं. पेटीवाल्याने स्वतःहून पेटी उलटी केली की काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

ती केस म्हणजे खेडला राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका निघाल्या. आम्ही गाडीने खेडला उतरलो आणि रिक्षाने त्यांच्याकडे गेलो. बाईंनी आधी कोकम सरबत दिलं आणि मग सरळ मुद्द्यावर आल्या. "पक्के दात बसवून घेतले होते, सहा स्क्रूंवर. मी खूश. ते निघत नाहीत, त्यामुळे खालून बारीक ब्रशने, दोऱ्याने साफ करायचे, असं मॅडमनी बजावलं होतं. पहिल्या वर्षी केलं. मग कंटाळा आला. माझा हात थरथरतो. वरून सगळं छान दिसायचं हो. खाली काय चाललंय ते कळत नव्हतं. एक स्क्रू सुटला, मग दुसरा, आणि सगळी पट्टी काढावी लागली."

"चूक कुणाची?" मी विचारलं. शालनने मला कोपर मारलं.

"जास्त माझी," बाई म्हणाल्या. "थोडी त्यांची. हात थरथरणाऱ्या बाईला असे दात द्यायला नको होते. त्यांनी ते माझ्यासमोर कबूल केलं. म्हणून मी अजून त्यांच्याकडेच जाते."

मग त्यांनी पाठ न फिरवता तोंडातली कवळी काढली आणि हातावर धरली. टाळूचा भाग मोकळा होता. आतल्या बाजूला चार छोटी बटणं होती. उरलेल्या चार स्क्रूंवर ती टक् करून बसते. चावताना हलत नाही, बोलताना सुटत नाही. "रोज काढते, नळाखाली धरते आणि उलटी करून बघते," बाई म्हणाल्या. "आता मला झोप लागते."

'उलटी करून बघते' हे ऐकलं आणि माझं ठरलं.

लोक विचारतात की पक्के दात सोडून हे काढघालीचे का घेतलेस, पैसे वाचवायला का? पक्के दात जास्त आपलेसे वाटतात, हे मलाही मान्य आहे. ज्याचे हात स्थिर आहेत, ज्याला आरशापुढे रोज वेळ घालवायचा कंटाळा नाही, त्याने ते जरूर घ्यावेत. साधी कवळी घेऊनही माणसं आनंदाने जगतात, मात्र तिने टाळू झाकली जाते, ती निसटते आणि खालचं हाड झिजत जातं. मला काढून, धुऊन, आतून तपासता येईल अशी वस्तू हवी होती. माझा स्वभाव साठीनंतर बदलणार नाही, निदान दात तरी त्याला साजेसे हवेत.

साट

दिवाळीआधी वरचे दात काढले, दोन-तीन खेपांत. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सुई टोचते, मग फक्त ओढ जाणवते. घरी आल्यावर आरसा बघू नये. मी बघितला.

तात्पुरती कवळी मिळाली. जखमा भरल्या की जानेवारीत स्क्रू बसवायचे ठरलं. अट एकच, साखर खाली यायला हवी. गोळ्या सुरू होत्या, मी चहा बिनसाखरेचा केला, भात कमी केला, गोडाला हात लावला नाही. तपासणी केली, साखर तिथेच. मॅडमनी तारीख पुढे ढकलली. महिन्याने पुन्हा तपासणी, पुन्हा तेच.

मी आधी गोळ्यांवर संशय घेतला. दुकान बदललं. मग लॅबवर घेतला. मग शालनवर, की ही भाजीत गूळ टाकते. त्यावरून आमचं असं वाजलं की ती दोन दिवस शेजारी जाऊन बसली. शेवटी मॅडमनीच तिला विचारलं, "दिवसभर हे काय काय खातात? सगळं सांगा. मधलं-अधलं पण."

"काय नाय हो, भाकरी चावता येत नाय, पेज, भाजी," शालन म्हणाली. "आनि साट."

"साट?"

आंब्याचा रस ताटात उन्हात वाळवून त्याची पोळी करतो, ते साट. आमच्याकडे डबे भरलेले असतात. घरच्या हापूसचं, त्यात आम्ही साखरेचा कणही घालत नाही. दात नसलेल्या तोंडात तुकडा टाकून ठेवला की आपोआप विरघळतो. भूक लागली, कंटाळा आला, तोंड कडू झालं, की मी डब्यात हात घालत होतो.

"त्यात साखर नसते," मी मॅडमना ठासून सांगितलं. "आमच्या बागेचं आहे. भेसळ नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि हसू दाबायचा प्रयत्न केला. "काका, आंबा भेसळीचा नाही हे मान्य. पण तो गोड कशामुळे लागतो?"

जन्मभर आंबा विकला आणि तो गोड कशामुळे, हे कोणी मला असं तोंडावर विचारलं नव्हतं. सगळ्या जगावर संशय घेतला, फक्त घरच्या डब्यावर नाही घेतला. शालन एवढी हसली की बाहेरचा पेशंट डोकावून गेला. मी तिची माफी मागितली. गुळाबद्दल.

साट बंद झालं आणि महिन्याभरात साखर खाली आली. पण तोवर शिमगा आठ-दहा दिवसांवर आला होता.

मॅडम म्हणाल्या, "आता करता येईल. पण केल्यावर दोन आठवडे तोंडात कवळी घालायची नाही, स्क्रूंवर दाब नको. की शिमग्यानंतर करायचं?"

शिमग्यानंतर तोडणी सुरू होते. मग पावसापर्यंत मी बागेत आणि घरात चहूकडे आंबा. त्या दिवसांत साखर मी सांभाळीन, असं मी कोणालाही लिहून दिलं असतं, पण स्वतः त्यावर विश्वास ठेवला नसता. आंब्याच्या दिवसांत माझा मला भरवसा नाही. आणि आत्ता चुकलो तर उरलेलं हाडही जाईल. मी म्हटलं, "आत्ताच करा."

गाऱ्हाण्याचं मी तिथे काही बोललो नाही. घरी आल्यावर अंगणात एकटाच फेऱ्या मारत राहिलो. फार वाईट वाटत होतं.

खुर्ची

स्क्रू बसवायच्या आदल्या दिवशी निलेश आला. ठाण्याच्या गोष्टीवर तो बोलला नाही, मीही नाही. दवाखान्यात मात्र तो माझ्याआधी मॅडमना म्हणाला, "स्क्रूचं पाकीट बंद आहे ना, ते बाबांना आधी दाखवा. नाहीतर ते झोपणार नाहीत." मॅडमनी दाखवलं. प्रत्येक पाकिटावरची कंपनीच्या नावा-नंबराची चिकटपट्टी काढून माझ्या कार्डावर लावली. तुम्हीही मागून घ्या, पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर कुठला स्क्रू आहे ते त्यांना कळतं. मी निलेशकडे बघितलं, तो भिंतीकडे बघत होता. माझ्या स्वभावाला मुलाने अशी जागा करून दिली, ते मला ठाण्याच्या रस्त्यात तो जे बोलला त्यापेक्षा जास्त लागलं.

हिरडी बधिर होते. दुखत नाही, पण आपल्या कवटीत कोणीतरी भोक पाडतंय हे पुरतं कळतं. हाताला घाम येतो. मॅडम दर वेळी आधी सांगायच्या. आता आवाज येईल. आता पाणी येईल. आता दाब वाटेल. जे सांगायच्या तेच व्हायचं. मी वाट बघत होतो की एकदा तरी न सांगितलेलं काही होईल. तसं झालं नाही.

घरी आल्यावर तोंड कलिंगडासारखं सुजलं. वाडीत मी सांगितलं की गांधीलमाशी चावली. शालनला, निलेशला बजावलं, कोणाला काही कळता कामा नये. शालन मला पेज वाढायची आणि स्वतःही पेजच घेऊन बसायची. "तू कशाला गो?" मी विचारलं. "माजं पोट बरं नाय," ती म्हणाली. तिचं पोट आठ दिवस बरं नव्हतं. मला खात्री आहे ती खोटं बोलत होती आणि या एका बाबतीत मी तपास केलेला नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ

पालखीच्या आदल्या संध्याकाळी दिगू आला. पडवीत बसला, सुपारी कातरली आणि म्हणाला, "दादा, यंदा गाऱ्हानं मी घालू काय? तुजं त्वांड सुजलाय म्हनून इचारतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आला ना मुद्द्यावर! वर्षानुवर्षं माझ्या मागे नारळ धरून उभा राहिला, आज संधी साधतोय. मी टॉवेल तोंडावर धरून जेवढं बोलता येईल तेवढं बोललो. मी मेल्यावर घाल म्हटलं. अर्धे शब्द वाऱ्यावर गेले असतील, पण अर्थ पोचला. दिगू उठला. "बरं तर," एवढंच म्हणाला आणि गेला.

शालन दारात उभी होती. "काय बोलाल त्येचा नेम नाय तुमचा," ती म्हणाली. मी रात्री मनातल्या मनात गाऱ्हाणं म्हणत पडलो. मनात सगळे शब्द स्पष्ट होते.

दुसऱ्या दिवशी पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. मुंबईहून आलेली पोरं, बायका, म्हातारे, सगळा गाव पुढे. मी तोंडावरचा टॉवेल काढला. दिगू नेहमीसारखा मागे नारळ घेऊन उभा. मी हात जोडले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा" एवढं कसंबसं आलं. पुढचं वाक्य सुटलं ते नुसती हवा. त, थ, स, कशालाच काही आधार नव्हता. मला माझाच शब्द ओळखू येईना. लोक बघत राहिले. 'व्हय म्हाराजा' कधी म्हणायचं ते कोणाला कळेना. मागे पोरं फिसकन हसली आणि कोणीतरी त्यांना दटावलं. मी दुसरं वाक्य म्हटलं. तेही तसंच. वाटलं, सोडावं इथेच आणि जावं घरी, संपला आमच्या घरचा मान.

तेवढ्यात माझ्या खांद्यामागून आवाज आला. "वर्साप्रमानं तुज्या लेकरांनी तुजी पालखी सानेवर आनली, ती गोड मानून घे, म्हाराजा!" माझंच वाक्य. शब्दाला शब्द, मी म्हटलं त्याच चालीत, आणि शेवटी तो थांबला.

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

मी मागे वळून बघितलं नाही. पुढचं वाक्य म्हटलं, जमेल तसं. दिगूने ते उचललं. मी थांबलो की तो थांबायचा. एकदाही माझ्या पुढे गेला नाही. मी कान देऊन होतो, कुठे स्वतःचं काही घुसडतो का, कुठे माझ्या घराचं नाव गाळतो का. चाकरमान्यांची राखण, गुरांची, मोहोराची, लेकीबाळींची. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. प्रत्येक मागणं आधी माझ्या तोंडून जात होतं, मग त्याच्या, मग गावाच्या.

शेवटचं मागणं झालं. मी नारळासाठी हात मागे केला. नारळ हातात आला नाही. दिगू अजून बोलत होता.

"आनि बा म्हाराजा," तो म्हणाला, "आमच्या दादानं जबड्यात चार खिळं ठोकून घेतल्यानी. कुनाला सांगितलान नाय, पन तुला ठावं हाय. त्येची साकर खाली ऱ्हाऊदे, त्येच्या हाडाला तेवढं ते खिळं धरून ठेवायची बुद्धी दे, आनि फुडच्या वर्साला त्येचं गाऱ्हानं त्येच्याच त्वांडातनं आयकू येऊदे, म्हाराजा!"

शालनने सांगितलं, की निलेशने? सगळ्या गावापुढे माझं तोंड उघडं पडलं होतं. मी मागे वळलो. दिगूचे डोळे मिटलेले होते आणि नारळ त्याने छातीशी धरला होता. त्याच्या बोलण्यात खालचा थर शोधायला मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो, आणि मला काही सापडलं नाही.

"व्हय म्हाराजा!" सगळी सहाण म्हणाली.

मीही म्हणालो. किती स्पष्ट आलं ते मला माहीत नाही.